बाळ्याला विचारा

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. तलासरीच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत, पत्र्याच्या छपराचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. तिथल्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्यापुढे मोठमोठे गवई बसतील. प्रत्यक्षात एसटीच्या सीटखाली धक्के खात इथे पोचलो, आणि पहिला आवाज ऐकला तो हिराबाईंच्या खोकल्याचा.

पण त्याच हिराबाईंनी मला नाव मिळवून दिलं. दर रविवारी दुपारी ‘सांगा बघू’ हा कार्यक्रम व्हायचा. लोक फोनवर प्रश्न विचारायचे आणि टेबलाभोवतीची मंडळी उत्तरं द्यायची. संगीता कार्यक्रम चालवायची. हिराबाई डोंगराकडच्या, नाचणी पिकवणाऱ्या, जिभेला धार असलेल्या. कुणी लांबण लावली की त्या म्हणायच्या, “बस झालं, आता पाणी पी!” शाळेतली मुलंसुद्धा गुरुजींच्या पाठीमागे तेच म्हणू लागली. तिसरा अमृत. तो गंजाड गावचा टेम्पोवाला. उत्तर येत नसलं की तो ठरलेलं वाक्य टाकायचा, “बाळ्याला विचारा. बाळ्याला सगळं ठाऊक!”

हा बाळ्या खराखुरा होता. अमृतच्या शेजारच्या पाड्यावरचा. तो चिकूच्या वाडीत क्रेट उचलायचा. सुरुवातीला त्याला मोठी गंमत वाटली. बाजारात लोक हाक मारायचे, चहा पाजायचे. मग गंमत वाढली. चंद्रावर पाणी आहे का? बाळ्याला विचारा. लाईट कधी येणार? बाळ्याला विचारा. वाडीत, लग्नात, डहाणू रोडच्या स्टेशनाबाहेर, जिथे जाईल तिथे ते वाक्य त्याच्या आधी पोचलेलं असायचं. माझ्यापुढे मात्र सगळे हसायचे, आणि मीही खुशीत असायचो. आवाज पुढे पाठवणं एवढंच मला येतं. तो कुठे जाऊन लागतो, ते मला कसं कळणार?

एका उन्हाळ्यात बाळ्याची बायको जमना घर सोडून माहेरी आली. तिचं माहेर आमच्या केंद्राजवळच. का आली, हे कुणी विचारलं नाही. त्याच रविवारी एकाने फोनवर खिदळत प्रश्न केला, “बाळ्याची जमना कुठं गेली?”

अमृतच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “बाळ्याला विचारा!”

एकट्या हिराबाई हसल्या नाहीत.

त्या आठवड्यात तलासरीच्या स्टँडवर एका माणसाने तेच वाक्य बाळ्याला ऐकवलं. बाळ्याने त्याचं डोकं उसाच्या चरकावर आपटलं. लोकांनी सोडवलं आणि विसरूनही गेले. पुढच्या रविवारी कार्यक्रम रंगात असताना आमचं दार धाडकन उघडलं.

“या, या! खुद्द बाळ्याशेठ आले!” अमृत म्हणाला. मग त्याला कोयता दिसला.

“विचार,” बाळ्या म्हणाला. “आता विचार ना.”

बाळ्याने नाकातून दोनदा जोरात श्वास ओढला. पहिला घाव टेबलावर पडला, फळी चिरली. दुसरा अमृतने आडव्या धरलेल्या हातावर पडला. अमृतची किंकाळी मी आतून बाहेरून ऐकली. गरम रक्त माझ्या जाळीतून आत झिरपलं. संगीता त्याला ओढत टेबलाखाली घुसली आणि ओढणीने त्याचा हात आवळू लागली. कार्यक्रम बंद करायला कुणाला सुचणार? माझा दिवा लालच होता, सगळं बाहेर ऐकू जात होतं.

हिराबाईंनी माझा लोखंडी स्टँड माझ्यासकट उचलला आणि बाळ्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. कोयता पडला. त्याने डाव्या हाताने त्यांचा गळा धरला आणि त्यांना भिंतीवर आदळलं.

“बस झालं!” हिराबाई घुसमटत ओरडल्या. “बस झालं, बाळ्या!”

मित्रांनो, मला नंतर कळलं, त्या क्षणी गावोगाव लोक पोट धरून हसत होते. केंद्राजवळच्या नाक्यावर चहाच्या टपरीत रेडिओभोवती गर्दी होती. हिराबाईंचं ठरलेलं वाक्य आलं म्हणून तिथे टाळ्या पडल्या. आज नाटक बसवलंय, असं त्यांना वाटलं. जमना माहेरच्या ओट्यावर तांदूळ निवडत तेच ऐकत होती. ते दोन श्वास तिला ओळखीचे होते. प्रत्येक माराआधी तिने ते ऐकले होते. ती अनवाणी टपरीकडे धावली.

“चला, तो मारतोय त्यांना!”

“थांब गं, मजा येतेय,” कुणीतरी म्हणालं.

जमनाने चुलीजवळचा दगड उचलला आणि रेडिओचा चुरा केला. “हा खेळ नाय! माणूस मरंल तिथं!”

तेव्हा कुठे माणसं उठली. सगळी केंद्रावर धावत आली, त्यांनी बाळ्याला हिराबाईंपासून ओढून काढलं, खाली पाडलं आणि लाथांनी तुडवू लागली. मघाशी टाळ्या वाजवणारीच ती माणसं. जमना मध्ये पडली. “त्याला बांधा. मारू नका. पोलिसांना बोलवा.” ती तिथून हलली नाही.

अमृतची दोन बोटं गेली. हिराबाईंचा आवाज पुष्कळ दिवस घोगरा राहिला. बाळ्यावर खटला चालू आहे. मला एका कपाटात टाकून दिलं. धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं. केंद्रावर फोन यायचे, “ती मारामारी पुन्हा लावा ना, लई भारी होती.” संगीता उत्तर न देता फोन ठेवायची.

पावसाळा सरल्यावर तिने मला काढलं आणि पुसलं. त्या दिवशी माझ्यापुढे जमना बसली. समोर अमृत, तुटक्या बोटांचा हात रुमालात गुंडाळलेला. तो म्हणाला, “माझ्या वाक्यानं झालं हे सगळं.”

“नाय, अमृतभाऊ,” जमना म्हणाली. “तुमच्या वाक्याच्या आधीपासून तो मला मारायचा. पण तुम्ही सगळे हसायचे ना, तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांना ठाऊक हाय, आणि तरी हसतायत. म्हणून मी कुणाला सांगितलं नाय.”

टेबलाभोवती कुणी बोललं नाही. संगीताने गाणं लावलं नाही. मी ती शांतता जशीच्या तशी पुढे पाठवली.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. कधीतरी माझी तारही तुटेल. एवढंच मागतो, कुणाच्या नावावर हसण्याआधी त्याच्या घरात कोण राहतं, एवढं तरी पाहा. त्या दिवशी कार्यक्रम संपला आणि केंद्राचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. नाव सांगेना, नुसती श्वास घेत होती. संगीता खुर्चीत बसली आणि म्हणाली, “सावकाश बोला, ताई. मी ऐकतेय.”