पाठीवरच्या चाळीस खुणा

मी एक जुना पुठ्ठा आहे. हो, साधा पुठ्ठाच! हार्लिंगन नावाच्या गावात, एका स्वयंपाकघरात कोकोचं खोकं रिकामं झालं, तेव्हा डाउवे आजोबांनी कात्रीने मला त्यातून कापून काढलं. त्यांच्या बुद्धिबळाच्या कोड्यांच्या पुस्तकात प्रत्येक पानावर वर डाव आणि खाली उत्तर छापलेलं होतं. ते उत्तर झाकून ठेवायचं, एवढंच माझं काम.

मित्रांनो, काम लहान होतं, पण आजोबा मला फार मान देत. कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडण्या-मिटण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे घाई त्यांना ठाऊकच नव्हती. कोडं समोर आलं, की सोंगट्यांना हात न लावता ते आधी समोरच्याला काय हवंय ते शोधत. मग कोणती सोंगटी निराधार आहे, राजा कुठे कोंडलाय, ते बघत. आपली चाल सुचली, की तिच्यावरचं समोरच्याचं सर्वांत चिवट उत्तर शोधत. सगळं पेन्सिलीने लिहून झाल्यावरच मला उचलत. बरोबर आलं तर माझ्या पाठीवर बरोबरची खूण करत आणि कॉफीबरोबर दुसरं बिस्कीट घेत. चुकलं तर फुली मारत, बिस्किटांचा डबा बंद करत आणि आठवड्याने तेच कोडं पुन्हा मांडत. माझ्या पाठीवर फुल्याच जास्त होत्या. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना बारीक छापलेलं दिसेनासं झालं. मग त्यांची मुलगी वित्स्केताई पुस्तकात बघून पटावर डाव मांडू लागली. ते तोंडी उत्तर सांगत, ती खुणा करी. पण माझा कोपरा उचलून ती उत्तर आधीच वाचून ठेवायची. बाबा चुकले की हळूच म्हणायची, "बाबा, परत बघा ना."

"थांब थांब! घोडा नाही, आधी हत्ती!"

"बघा, जमलं की नाही!"

फुली पडणं बंद झालं. दुसरं बिस्कीट रोजचं झालं. मी तिच्या बोटांखाली गप्प पडून राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

वसंतात आजोबांच्या बुद्धिबळ क्लबचा शेवटचा सामना आला. हरले असते तर संघ खालच्या गटात जाणार होता. संघनायक गेर्लोफ घरी आला. "डाउवे, या वेळी तू राखीव बस. पहिल्या पटावर तुझ्या जागी मी दुसऱ्या कुणाला तरी बसवतो."

"राखीव? अरे, ओळीने चाळीस कोडी सोडवलीत मी, एकही चूक नाही! विचार हिला."

गेर्लोफने वित्स्केताईकडे पाहिलं. तिच्या एका शब्दावर सगळं अडलं होतं.

"खरंय," ती म्हणाली.

सामन्याच्या दिवशी पुस्तक तिच्या पिशवीत होतं आणि त्यात मी. बाकीचे डाव संपून बरोबरी झाली होती. सगळे आजोबांच्या पटाभोवती जमले. त्यांनी वजिराचा बळी देऊन शह दिला. चाल देखणी होती. पण समोरच्या बाईंनी राजा एक घर बाजूला घेतला आणि मात होण्याची वाटच बंद झाली. ते चिवट उत्तर आजोबांनी पाहिलंच नव्हतं. संघ खाली गेला. टाळी कुणी वाजवली नाही, टोमणाही कुणी मारला नाही.

घरी आल्यावर आजोबा कोट न काढताच बसले. "परत बघा म्हणायला तिथे कुणीच नव्हतं गं," ते म्हणाले. मग विचारलं, "तू उत्तर बघायचीस ना?"

वित्स्केताई रडू लागली. "तुमचा चेहरा पडलेला बघवत नव्हता, बाबा."

"अगं पोरी, चेहरा पडतो आणि उठतो. आता मला माझीच खात्री राहिली नाही."

मित्रांनो, कोडं अवघड असेल तर अडून बसा, चुका, पण झाकलेलं उत्तर झाकलेलंच राहू द्या. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे, त्यालाही त्याची फुली मिळू द्या.

आजोबांनी मला मांडीवर घेतलं आणि खोडरबराने त्या चाळीसही खुणा पुसून टाकल्या. त्यांतल्या सोळा खरोखर त्यांच्या एकट्याच्या होत्या. कोणत्या, ते वित्स्केताईलाही आठवेना. मला आठवतं, पण मला कोण विचारणार?