दोन स्टेशनांमधली वाट

"वन्सं, आज टेकडीला वळसा घालून जाऊया का? तिकडे फुलं आलीत म्हणे," भावजय म्हणाली, तेव्हा नणंदेला नवलच वाटलं. एरवी हिला परतीची गाडी चुकण्याची इतकी धास्ती, की डबासुद्धा चालता चालता खायची.

पण नणंद खूश झाली. दवाखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या उशा सारख्या करून निवृत्त झालेली ही नर्स. स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. चैन म्हणावी अशी तिची एवढी एकच गोष्ट. अधूनमधून एखाद्या रविवारी दोघींनी एका स्टेशनावर उतरायचं, डोंगर, ओढा, झाडी बघत चालायचं आणि पुढच्या स्टेशनावर गाडी धरायची. आणि वाटेत घरच्या गोष्टींचं अवाक्षर काढायचं नाही. घरात भांड्याला भांडं लागेल तेवढं लागू दे, फलाट सोडला की तोंडाला कुलूप. दोघींचं हे गूळपीठ बघून शेजारणींच्या पोटात दुखायचं.

हल्ली भांडं जरा मोठ्यानेच वाजत होतं. दादा-भावजयीच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि दादाला नणंदेची खोली हवी होती. तिने जायचं गच्चीवरच्या पत्र्याखाली. "डोंगर चढतेस ना? मग जिन्याला काय झालं?" दादा म्हणाला होता. तिने साफ नाही म्हटलं. भावजय तेव्हा तिच्या बाजूने बोलली होती.

भावजय ओढ्यावर तोंड धुवायला वाकली आणि झाडाखाली ठेवलेल्या तिच्या पिशवीत फोन वाजला.

"वन्सं, राहू दे! वाजू दे त्याला!"

पण जन्मभर घंटा वाजली की धावलेली बाई ती. तिने घेतलाच.

"अगं, तिचं कपाट जिन्यात अडकलंय," दादा घाईघाईने बोलला. "अजून तासभर तिला तिकडेच फिरव."

नणंदेने फोन बंद केला. दादाचं तिला काही वाटलं नाही. तो लहानपणापासून आपलंच घोडं पुढे दामटणारा. पण हिने? आणि या वाटेवर? केसाने गळा कापतात तो असा.

"माझं कपाट अडकलंय म्हणे जिन्यात," ती म्हणाली.

भावजयीच्या हनुवटीवरून पाणी निथळत होतं. "तुमच्यासमोर हलवलं तर तमाशा होईल, म्हणाले. माझं काही चालतं का घरात, वन्सं?"

"नाही चालत, ठाऊक आहे मला. पण सकाळपासून हसतेयस माझ्याबरोबर. तेही त्यानेच सांगितलं होतं?"



नणंद आपली पिशवी उचलून तरातरा निघाली. ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले होते, ते ओलांडून ती पलीकडे गेली. आता हिचं तोंडही बघू नये असं तिला वाटत होतं. तरी तिने वळून पाहिलं. भावजय अलीकडेच उभी होती, पांढरीफटक. पायाखाली वाहतं पाणी दिसलं की तिला चक्कर येते. दर खेपेला नणंदच तिला धरून नेते. आज हाक मारायला तिला तोंड उरलं नव्हतं.

नणंद थोडा वेळ तशीच थांबली. मग परत ओंडक्यांवर चढून मधोमध आली आणि तिने हात पुढे केला.

"वन्सं..." भावजयीला रडू फुटलं.

"बोलू नकोस," नणंद म्हणाली. "पाय कुठे पडतोय ते बघ."