माझ्या टपावरचा पिवळा डाग

मित्रांनो, घाटकोपरच्या भटवाडीत सार्वजनिक नळाच्या बाजूला एक दुधी रंगाची जुनी फियाट मोटार उभी असते. तिचे अंग आरशासारखे चकाकते. परंतु टपावर भाकरीएवढा पिवळा डाग आहे. ती मोटार म्हणजेच मी. येणारे-जाणारे पुष्कळ लोक त्या डागाकडे पाहून हळहळतात. तुम्ही मात्र हळहळू नका. तो डाग माझे भूषण आहे. तो मी सूड उगवून मिळवला आहे. सूड ही वाईट गोष्ट आहे असे पुस्तकांत लिहिलेले असते, हे मलाही ठाऊक आहे. तरीही आधी माझी हकीकत ऐका आणि मग न्याय करा.

माझा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून मला देह दिला गेला, भट्टीत माझा रंग पक्का केला गेला, आणि काळे अंग व पिवळा टप अशा वेषात मी जगात पाऊल ठेवले. होय मित्रांनो, मी जन्माने टॅक्सी आहे! माझा धनी दशरथ हा मालवणकडचा. गिरणीत माग चालवता चालवता तो गाडी हाकायला शिकला होता. त्याने मला प्रथम भटवाडीत आणले, तेव्हा त्याच्या पत्नीने, जानकीने, माझ्या नाकावर कुंकू लावले आणि झेंडूचा हार घातला. त्या दिवशी दसरा होता.

दशरथाने मला पोटच्या लेकीप्रमाणे वागवले. पहाटे स्वच्छ पाण्याने माझी धूळ आधी वाहून घालवायची, नंतर जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने अंग टिपायचे, आणि सणासुदीला मेण लावायचे, असा त्याचा नेम होता. कोरडी धूळ त्याने कधी पुसली नाही. "पोराच्या डोळ्यांत माती गेली तर कोन चोळतं काय?" असे तो इतर टॅक्सीवाल्यांना सांगे.

त्याला विद्याधर नावाचा एकुलता एक मुलगा होता. माझ्या मागच्या सीटवर त्याने बाराखडी गिरवली, गणिते सोडवली, आणि कित्येक दुपारी तेथेच तो झोपी गेला. मी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दिसले, की तो अनवाणी धावत सुटे आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडे, "बाबा आले! बाबांची गाडी आली!" मित्रांनो, ती हाक माझ्या पत्र्यात जणू कोरली गेली. पुढील सर्व वैराचे मूळ त्या हाकेतच आहे.

काळ कोणासाठी थांबत नाही. जानकी स्वर्गवासी झाली. विद्याधर शिकला, बँकेत साहेब झाला, क्षमा नावाच्या सुशील मुलीशी त्याचे लग्न झाले, आणि मुलुंडच्या एका सोसायटीत त्याने घर घेतले. तेव्हा तो दशरथाला म्हणाला, "बाबा, आता भाडी मारणं पुरे. गाडी मला द्या. मी घरची गाडी म्हणून वापरतो." दशरथाला आनंद झाला. त्याने टॅक्सीचा परवाना परत केला, मीटर काढून ठेवले, आणि मला साकीनाक्याच्या एका रंगाऱ्याकडे नेले.

रंगाऱ्याने सोबत आलेल्या विद्याधराला विचारले, "आधी रंगाखाली अस्तराचा हात देऊ ना, साहेब?"

"अस्तरबिस्तर काही नको," विद्याधर म्हणाला. "परवा वास्तुशांत आहे. काळं दिसू नये म्हणून अंगाला दोन हात द्या. टपाला एकच पुरे. टप कोण बघतो!"

हे शब्द, मित्रांनो, तुम्ही ध्यानात ठेवा. मी ठेवले होते.

वास्तुशांतीच्या दिवशी दशरथ स्वतः मला चालवत मुलुंडला घेऊन गेला. अंगात त्याचा नेहमीचा खाकी शर्ट होता. त्याने उतरून मुलासाठी दार उघडले. समोर सोसायटीचे अध्यक्ष भाऊराव उभे होते. ते गृहस्थ मनाने निर्मळ, पण जिभेने मोकळे.

"वा, विद्याधरराव! ड्रायव्हरसुद्धा ठेवलात?" त्यांनी विचारले.

त्या क्षणी विद्याधर काहीही म्हणू शकला असता. परंतु तो हसला आणि म्हणाला, "हो. जुना माणूस आहे. आमच्या वडिलांच्या वेळचा."

दशरथाने ते ऐकले. त्याने मान खाली घातली आणि दार लावून घेतले. इतके हळू, की आवाजही झाला नाही. दारात तबक घेऊन उभ्या असलेल्या क्षमाचा चेहरा उतरला.

त्या दिवसापासून दशरथ रोज सकाळी बसने मुलुंडला यायचा, स्वतःच्या मुलाला बँकेत पोहोचवायचा, आणि संध्याकाळी परत आपल्या खोलीवर जायचा. लेकराची सोय होते आहे, एवढेच तो मनाशी म्हणत असावा. पण मी काही देवमाणूस नव्हे, मी मोटार आहे. माझ्या अंतःकरणात सुडाचा अग्नी प्रज्वलित झाला. माझा निश्चय एकच होता. ज्या तोंडाने याने बापाला चारचौघांत ड्रायव्हर म्हटले, त्याच तोंडाने चारचौघांत 'बाबा' म्हणून हाक मारली पाहिजे. तोवर मी याला सुख लाभू देणार नाही!

माझ्या रंगाचीही दुर्दशा झाली. सोसायटीत गाडी धुवायला नळाचे पाणी मिळेना. विद्याधराने रखवालदाराला सांगून ठेवले, "रॉकेलच्या फडक्याने पुसत जा. झटकन चमकते." रॉकेलाची चमक ही खोट्या स्तुतीसारखी असते, ती सकाळी येते, दुपारी जाते, आणि जाताना रंगाचा जीव घेऊन जाते. त्यात दिवसभराचे ऊन आणि धुळीवर घासलेले कोरडे फडके. पाहता पाहता माझी कांती मेली. बोट फिरवले, तर बोटाला पांढरी भुकटी लागू लागली.

त्या भुकटीनेच मी पहिला वार केला. एके सकाळी विद्याधर निळी विजार घालून ऐटीत माझ्या अंगाला टेकून उभा राहिला. तो दूर झाला, तेव्हा त्याच्या पार्श्वभागावर पांढरा छाप उमटला होता.

"विद्याधरराव," भाऊराव म्हणाले, "गाडीला पावडर लावता, की पावडर लावून गाडीत बसता?"

सारी सोसायटी हसली. माझे हृदय शीतल झाले. पण पुरते नव्हे.

विद्याधराला ते हसणे झोंबले. दसरा जवळ आला होता. दसऱ्याला सोसायटीतल्या साऱ्या मोटारी अंगणात रांगेने उभ्या करून त्यांची पूजा होत असे. तो दशरथाला म्हणाला, "दसऱ्याला आपली गाडी सगळ्यांत चमकली पाहिजे. कशी ते तुम्ही बघा."

दशरथाने कामाला हात घातला. सोसायटीच्या विहिरीवरून बादल्या आणून त्याने मला साबणाच्या पाण्याने न्हाऊ घातले. नंतर ओल्या, बारीक पॉलिश-कागदाने मेलेला थर हलक्या हाताने उतरवला. मग फडक्यावर रबिंगचा, म्हणजे रंग घासून उजळण्याचा, मलम घेऊन गोल गोल नव्हे, तर सरळ रेषेत, एकेक वीत घासत तो पुढे सरकला. शेवटी मेण लावले. मित्रांनो, किती काळानंतर तो हात माझ्या अंगावरून फिरत होता! नवमीच्या संध्याकाळपर्यंत माझ्या दाराच्या पत्र्यात समोरच्या बाल्कनीतील तोरण दिसू लागले. केवळ टप तेवढा राहिला, कारण म्हाताऱ्याचा खांदा वर उचलेना.

दसऱ्याच्या सकाळी दशरथ हार आणायला बाजारात गेला. विद्याधर खाली आला. माझ्या दारात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्याने केस सारखे केले. मग त्याची नजर वर गेली.

"अगं क्षमा, टप तसाच राहिलाय की!"

"राहू द्या ना," क्षमा बाल्कनीतून म्हणाली. "टप कोण बघतं? तुम्हीच म्हणाला होता."

"सगळे लोक बाल्कनीतूनच बघतात. वरून टपच दिसतो." असे म्हणून त्याने बाह्या सावरल्या, मलमाचा डबा उघडला, आणि तो घासू लागला.

मला ठाऊक होते की त्या ठिकाणी रंगाचा एकच हात आहे आणि त्याच्याखाली अस्तर नाही. मला वाचा असती, तरी मी त्याला सावध केले नसते. मी मनात म्हणत होते, घास बाळा, घास! अजून थोडे. अजून चमक हवी ना तुला? फडके आधी दुधी झाले. त्याला वाटले, मळ निघतो आहे. तो दुप्पट जोराने घासू लागला. मग फडके पिवळे झाले.

विद्याधराचा हात थांबला. माझ्या टपावर, भर उन्हात, टॅक्सीचा पिवळा रंग लखलखत होता. तोही कसा? पॉलिश केलेला!

तेवढ्यात दशरथ हार घेऊन आला, आणि मागोमाग भाऊराव व सारी मंडळी तबके घेऊन खाली उतरली. आता मित्रांनो, त्या म्हाताऱ्याने काय केले ते ऐका. ज्याच्यासाठी मी हा सूड मांडला होता, त्यानेच धावत येऊन आपला झेंडूचा हार टपावर पसरला. पिवळ्यावर पिवळे! मुलाची अब्रू त्याने फुलांखाली झाकली. मला त्याचा भयंकर राग आला.

परंतु दैव माझ्या बाजूला होते. "अहो, हार पुढे, बॉनेटवर हवा," असे म्हणत भाऊरावांनी तो उचलला. आणि उचललेला हार त्यांच्या हातातच राहिला.

"अरेच्चा! ही तर टॅक्सी! विद्याधरराव, मीटर कुठे विकलात?"

हशा पिकला. विद्याधराचे कान लाल झाले. तो घाईघाईने म्हणाला, "फसवलं हो मला! त्या दलालाने कुणा भामट्याची गाडी गळ्यात मारली. चोरीचीसुद्धा असेल."

तेव्हा दशरथाने मान वर केली.

"भामट्याची नाय. माझी," तो म्हणाला. मग त्याची गावची बोली आपोआप बाहेर आली. "माका डायवर म्हटलंस, ता मी ऐकान घेतलंय. पण हिका चोरीची म्हणशीत, तर मी गप रवाचंय नाय. हिच्याच मागच्या सीटीवर निजान तू मोठो झालंस, विद्या."

भाऊरावांनी एकदा म्हाताऱ्याच्या नाकाकडे पाहिले, एकदा विद्याधराच्या. नाक एकच होते.

"म्हणजे हे तुमचे..." त्यांनी वाक्य अर्धेच सोडले.

सर्वांच्या नजरा विद्याधरावर खिळल्या. बोल, मी म्हणत होते, आता तरी तो शब्द बोल! पण त्याचे ओठ हलले नाहीत. क्षमा मात्र पुढे झाली. तिने पूजेचे तबक दशरथापुढे धरले आणि सर्वांना ऐकू येईल असे म्हणाली, "मामंजी, पूजा तुम्हीच करा. गाडी तुमची आहे."

दशरथाने माझी पूजा केली, नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मुलाच्याच हातावर ठेवला. मग तो माझ्यात बसला आणि आम्ही दोघे घाटकोपरला निघून आलो. मागून विद्याधर एवढेच म्हणाला, "अहो, किल्ली तरी..." बापाला त्याने 'अहो' म्हटले!

माझा सूड अपुरा राहिला होता. पण मी धीर धरला, कारण लोखंडाला धीर असतो.

दिवाळी उलटून गेल्यावर एका रविवारी विद्याधर भटवाडीत आला. पांढरा शुभ्र शर्ट, हातात फराळाचा डबा. तो बराच वेळ माझ्या डागाकडे बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साकीनाक्याला नेऊन रंग लावून घेऊ या का?"

"डाग रवतलो. तो काढूचो नाय," दशरथ म्हणाला. "बस. चक्कर मारून येव."

दशरथाने किल्ली फिरवली. मी सुरू झाले नाही. पुन्हा फिरवली. मी खोकलेसुद्धा नाही. माझ्यात काही बिघाड नव्हता, मित्रांनो. माझी इच्छा नव्हती.

नळावर शेजारची वनमाला कपडे धूत होती. ती ओरडली, "काय रे विद्या, बघतोस काय? धक्का मार की! बँकेत बसून बसून पोट सुटलंय तुझं!"

विद्याधराने फराळाचा डबा खाली ठेवला आणि मला मागून ढकलू लागला. मी पुढे सरकले. धक्क्याची गाडी वेगात आली, की ढकलणाऱ्याने ओरडून सांगायचे असते, तेव्हा चालवणारा क्लच सोडतो.

"सोडा!" विद्याधर पुटपुटला. दशरथाच्या कानापर्यंत ते पोहोचले नाही.

"अहो, सोडा!" तो जरा मोठ्याने म्हणाला. दशरथाने क्लच सोडला. मी एक हिसका दिला आणि गप्प उभी राहिले.

"अहो कोण?" वनमाला खो खो हसली. "गल्लीत दहा अहो उभेत! नीट नाव घेऊन सांग!"

एव्हाना साऱ्या खिडक्या उघडल्या होत्या. ज्या खिडक्यांनी त्याची लहानपणीची हाक ऐकली होती, त्याच ह्या खिडक्या. विद्याधराचा शर्ट घामाने भिजला. त्याने पुन्हा खांदा लावला, गल्लीच्या उतारापर्यंत मला रेटत नेले, आणि ऊर फुटेल अशा आवाजात तो ओरडला, "बाबा! क्लच सोडा, बाबा!"

मी तत्क्षणी सुरू झाले. आणि इतक्या दिवसांचा साठलेला काळा धूर मी त्याच्या शुभ्र शर्टावर सोडला.

आरशात मला दशरथाचे डोळे दिसले. ते धुराने भरले नव्हते, कारण धूर मागे होता.

मित्रांनो, माझी तुम्हांला हात जोडून विनंती आहे. आपल्या घरची जुनी मोटार असो वा जुने माणूस, त्याच्या अंगावरची धूळ कोरडी घासू नका. आधी पाणी घाला. रॉकेलाच्या खोट्या चमकेवर भुलू नका. आणि वरचा रंग कितीही घासून चमकवलात, तरी खालचा थर कोठे जात नाही. तो आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो.

आता दर रविवारी विद्याधर येतो आणि त्या पिवळ्या डागाला आपल्या हाताने मेण लावतो. तुम्ही म्हणाल, आता तरी क्षमा कर. मी विचार करते आहे. तूर्तास रविवारच्या सकाळी, सारी गल्ली जागी होऊन खिडक्या उघडेपर्यंत, मी सुरू होत नाही.