पूर्वेचा बाक

सप्टेंबरची सकाळ. खडूच्या शुभ्र कड्यांवर कोवळं, पिवळसर, लाजरं ऊन. खाली निळा, वाऱ्याने तळमळता सागर. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं ब्रॉडस्टेअर्स गाव नुकतंच जागं झालं होतं, तेही आवाज न करता.

या गावाच्या वाट्याला सूर्योदय आला आणि शेजारच्या मार्गेटच्या वाट्याला सूर्यास्त. अंतर बसने वीसेक मिनिटांचं. स्वभाव मात्र दोन ध्रुवांचे. मार्गेटवर लंडनची गर्दी लोटली, आधी गलबतांतून, मग आगबोटींतून, मग आगगाडीतून. चाकांच्या लाकडी खोल्या लाटांत ढकलून तिथे लाजऱ्या बायका समुद्रस्नान करीत. पुढे पाळणे आले, पिपाण्या आल्या, गरम चिप्सवरचं आंबट व्हिनेगर आलं. ब्रॉडस्टेअर्सने हे सारं पाहून नाक मुरडलं.

मालिनीबाई कारखानीसही मुरडत. त्यांचे यजमान दिगंबरराव तीस वर्षं या दोन गावांमध्ये बस चालवत होते. शेवटची फेरी मार्गेटला संपवायची, वाळूत बसून चिप्स खायच्या, बुडता सूर्य डोळ्यांत भरून घरी यायचं.

"अगं, काय रंग होते आज! एकदा तरी चल."

"आधी कोट झटका बाहेर. घरभर वाळू!"

गेल्या माणसाच्या नावाची पितळी पाटी समुद्राकाठच्या बाकावर लावायची, ही इथली रीत. दिगंबरराव गेल्यावर मालिनीबाईंनी त्यांच्या पाटीसाठी जागा निवडली ती स्वतःच्या आवडीची: शांत, स्वच्छ, पूर्वाभिमुख.

पालिकेचा टेरी पाटी धरून उभा होता. "इथंच ना, मिसेस कारखानीस?"

त्या बसल्या. उठल्या. पदर सावरला, पुन्हा बसल्या. समोर निळाई होती, नीरवता होती, निर्मळ किनारा होता, आणि ह्यात दिगंबरराव कुठेच नव्हते. इथे ते पाच मिनिटंसुद्धा टिकले नसते. ते गेल्यावरही आपण त्यांना आपल्याच मनासारखं बसवतोय, हे कळलं तशा मालिनीबाई उठल्या.

"इथे नको. मार्गेटला लावा."

टेरीने स्क्रू खिशात टाकले. "तिथली यादी लांबलचक आहे हो. दोन वर्षं थांबावं लागेल."

"थांबेन. त्यांनी तीस वर्षं वाट पाहिली माझी."

संध्याकाळी पश्चिम पेटली: केशरी, कुसुंबी, कांचनवर्णी. मार्गेटच्या वाळूवर मालिनीबाईंनी चिप्सचा पुडा उघडला. शेजारी टेरीकडून मागून आणलेली पितळी पाटी, पाटीवर मावळता सूर्य. वारा वाळू उडवत राहिला, त्या बसून राहिल्या.

घरी परतल्यावर त्यांनी आपला कोट झटकला नाही.