मशीनवरची चिठ्ठी

गेल्या वर्षी मुलगा परदेशातच वारला. मागे राहिलेल्या सुनेशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून टेलरमास्तरांनी साठी उलटल्यावर तिची भाषा शिकायला घेतली. वाक्यं काही जमेनात. शेवटी शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "मास्तर, नुसती कामांची नावं पाठ करा. जे काम जिथे होतं, तिथे त्याची चिठ्ठी चिकटवा."

मग कात्रीवर 'बेतणं' आलं, मोरीत 'धुणं', मशीनवर 'शिवणं'. दर रविवारी मास्तर फोनवर आठवडाभराची कामं एकेका शब्दात सांगत, सूनही तशीच सांगे. तेवढ्यावर दोघांचं भागत होतं.

एका रविवारी ती एकच शब्द बोलली. मास्तरांना तो काही केल्या आठवेना. फोन ठेवून त्यांनी वही उघडली, तर तो पहिल्याच धड्यात होता. रडणं. चिकटवायला जागा नाही म्हणून त्यांनी स्वतःच तो गाळला होता.

त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि ती हातात धरून घरभर फिरले. शेवटी बायकोला अर्थ सांगून म्हणाले, "ही कुठे लावू गं?"

तिने चिठ्ठी घेतली आणि सरळ शिलाई मशीनवर चिकटवली, 'शिवणं'च्या शेजारी.

"कापड न घालता मशीन चालवलं ना," ती म्हणाली, "की आवाज वेगळा येतो हो. वर्षभर ऐकतेय मी."