नंबर दिसला की झाकायचं

नातीनं भिंतीचा आधार सोडला आणि ती आईकडे चालत निघाली, तेव्हा तिच्या आईचे डोळे मोबाइलमध्ये होते.

"अगं, बघ तरी," मी सुनेला म्हटलं.

"थांबा बाबा. एक गृहस्थ मला चोर म्हणतायत. त्यांना आधी नमस्कार करते."

तेवढ्यात पोरगी आईच्या गुडघ्यांवर येऊन आपटली. सुनेनं तिला उचलून घेतलं, पण पोरीची पहिली पावलं पाहायची तिची राहिली. मी पाहिली. त्याच महिन्यात पाणीपुरवठा खात्यानं सुनेला पेजवर बसवलं होतं, त्यामुळे नात चालायला लागली ते वर्ष आणि सुनेच्या त्या कामाचं वर्ष माझ्या डोक्यात एकाच खुंटीला टांगलेलं आहे.

पेजवर बसवलं म्हणजे काय, हे मला कळायला वेळ लागला. कुठल्या भागात कधी पाणी येणार, पाइप कुठे फुटलाय, हे रोज सकाळी खात्याच्या पेजवर टाकायचं. त्याखाली सगळं गाव येऊन बोलतं. पूर्वी हीच माणसं ऑफिसच्या काउंटरवर येऊन बोलायची, पण काउंटर संध्याकाळी बंद व्हायचा. उत्तर सुनेनं द्यायचं, स्वतःचं नाव मात्र कुठे येऊ द्यायचं नाही. नमस्कार, आपल्या गैरसोयीबद्दल खातं दिलगीर आहे, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. आमच्या घरात या वाक्यांची चलती झाली. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून माझा मुलगा कुरकुरला की सून म्हणायची, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. तोही कमी नव्हता. दळण आणायला सांगितलं की म्हणायचा, तांत्रिक कारणामुळे आज पुरवठा होणार नाही.

मी त्याच खात्यात जन्म काढला. चावीवाला होतो. रस्त्यातलं झाकण उघडून लांब लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा, या गल्लीचं पाणी बंद करायचं, त्या गल्लीचं सोडायचं. धाकटा भाऊ पंपहाऊसवर होता. तो पाणी वर चढवायचा, मी वाटायचो. तो सातवीपर्यंत शिकलेला आणि मी अक्षरशत्रू. पगाराच्या दिवशी तो ऐटीत सही करायचा, मग माझा अंगठा धरून शाईत टेकवायचा आणि म्हणायचा, "दादा, तुझी सही माझ्यापेक्षा जाड आहे."

आमचं बिनसलं ते एका खिडकीवरून. जुन्या वस्तीत आमच्या खोल्या लागून होत्या. त्याला माझ्या अंगणाच्या बाजूनं खिडकी पाडायची होती. माझी बायको नको म्हणाली, त्याची हवीच म्हणाली, आणि आम्ही दोघे भाऊ बायकांच्याही वरच्या पट्टीत बोललो. तो खोली विकून निघून गेला, कुठे ते सांगितलं नाही. पुढे माझी बायको वारली, त्याचीही गेल्याचं कुणाकडून तरी कानावर आलं, वस्ती पाडली गेली, मी मुलाच्या फ्लॅटवर आलो. ज्यांच्या बाजूनं भांडलो त्या राहिल्या नाहीत, ती भिंतसुद्धा राहिली नाही, अबोला तेवढा टिकला.

नोकरी संपत आली तेव्हा मी प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलो. धाकटा त्याच्या आधीच खोली सोडून गेला होता, त्यामुळे त्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. आता सुनेचं पेज मी रोज सकाळी वाचायचो, ओळीखाली बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत. गल्ल्यांची नावं ओळखीची, म्हणून वाचायला सोपं जायचं, असं मी घरात सांगायचो. खरं मनात दुसरंच होतं. धाकटा याच गावात कुठेतरी असणार. त्याच्याही नळाला कधीतरी पाणी येणार नाही, तो चिडून दोन शब्द लिहील आणि मला सापडेल. उतारवयात मला माझा भाऊ हवा होता. त्याच्यासमोर बसून एकदा चहा घ्यायचा होता.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी एक गोष्ट घडली. कपडे शिवणाऱ्या एका बाईनं पेजवर लिहिलं की नळाला गढूळ पाणी येतंय, माणूस पाठवा. खाली इमारत, मजला आणि स्वतःचा फोन नंबर. सुनेनं नेहमीप्रमाणे नमस्कार घातला, तक्रार पुढे पाठवली आणि ती दुसऱ्या कामाला लागली. नंबर तसाच राहिला. कुठल्या कुठल्या पुरुषांनी तो उचलला आणि त्या बाईला फोन करायला सुरुवात केली. एक जण तर तिच्या जिन्यात येऊन उभा राहिला. बाई ऑफिसात आली. ओरडली नाही. सुनेच्या टेबलासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "तुम्ही वाचलं होतंत ना? मग तसंच कसं ठेवलंत?"

सून त्या दिवशी जेवली नाही. पुढे साहेबांनी नियमच काढला. नंबर, पत्ता, आजारपण, असं कुणाचं खाजगी काही कमेंटमध्ये दिसलं की ती लगेच हाइड करायची. लिहिणाऱ्याला आपोआप एक निरोप जातो की नियंत्रण कक्षाला फोन करा. साहेबांचा नियम इथवर होता. पुढचा सुनेनं स्वतःला घालून घेतला. नंबरचे आकडे दिसले की ती कमेंट पुढे वाचायचीच नाही.

मी विचारलं, "वाचायचंही नाही? हे काय सोवळं?"

"कुणाचं खाजगी झाकायचं आणि आपण बसून वाचायचं, याला झाकणं म्हणतात का, बाबा?"

मला ते पटलं. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये हे आमच्याही कामात होतं. व्हॉल्व्ह फिरवताना कुणाच्या अंगणात जावं लागलं तर मान खाली घालून जायचं आणि यायचं. आपल्या सुनेला हे कुणी न शिकवता कळलं, याचं मला कौतुक वाटलं.

कौतुक माझ्यावर उलटलं तेव्हा मात्र मी रागावलो. दिवस थंडीचे होते, गुडघे दुखत होते, आणि खात्यातला माझा एक जुना सोबती गेल्याची बातमी आली होती. मी सुनेला म्हटलं, तुझ्या ऑफिसात पेन्शनच्या टेबलावर धाकट्याचा पत्ता असणारच, नुसता बघून सांग, कुणाला कळणार आहे. तिनं नातीचे केस विंचरून संपवले. मग म्हणाली, "बाबा, मला तो बघता येईल. म्हणूनच बघायचा नाही."

मी म्हटलं, सख्ख्या भावाचा पत्ता आहे. ती म्हणाली, त्यांनी तो तुम्हाला दिला नाही, खात्याला दिला. माझा राग आणखी वाढला. शेवटी मी धमकी दिली की तुझ्या पेजवर मीच लिहितो, धाकट्या, कुठे आहेस.

"लिहा की," ती हसून म्हणाली. "पाण्याबद्दल नसलेलं मी हाइड करते. सासऱ्याचंही."

मुलगा आतून ओरडला की या घरात न्याय आहे, पाणी नसलं तरी. आम्ही तिघेही हसलो आणि विषय तिथेच राहिला. चिकाटी धरून मी दुसरीकडे विचारायला हवं होतं. जुन्या पंपहाऊसवर जाऊन यायला हवं होतं. जाऊ, थंडी ओसरली की जाऊ, असं म्हणत राहिलो. सकाळचं पेज वाचणं मात्र चुकवलं नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. एका दुपारी सून भलत्या वेळी घरी आली. तिच्याबरोबर एक बाई होती, दवाखान्यात साफसफाईचं काम करणारी, तिच्या अंगावर अजून कामाचा निळा कोट होता. सुनेनं मला बसायला सांगितलं. मी बसलेलोच होतो. तेव्हा तीच खाली माझ्या पायांशी बसली आणि म्हणाली, "बाबा, काका गेले. परवा."

मग तिनं सांगितलं ते असं. ही बाई धाकट्याची शेजारीण. पेन्शन घेणारा माणूस गेला, हे कळवायला ती खात्यात आली होती. ते काम झाल्यावर तिनं विचारलं की पेजवर कोण बसतं, मला त्याचं तोंड बघायचंय. तिला वरच्या मजल्यावर पाठवलं. सुनेसमोर येऊन ती म्हणाली, आमच्या म्हाताऱ्यानं तुमच्या पेजवर लिहिलं होतं, सगळ्या गावानं वाचलं आणि एक माणूस हलला नाही. सून म्हणाली, अशी कमेंट पेजवर नाहीच. बाईनं आपला मोबाइल काढून पुढे धरला. कमेंट होती. सुनेनं स्वतःच्या मोबाइलवर पाहिलं. नव्हती.

हाइड केलेलं असंच असतं. बाकीच्यांना ते दिसेनासं होतं, पण ज्याच्या मोबाइलवरून लिहिलं त्याला ते जागच्या जागी दिसत राहतं. धाकट्यानं या बाईच्या मोबाइलवरून लिहिलं होतं. सुरुवातीलाच नंबर होता. सुनेनं आकडे पाहिले होते आणि पुढे वाचलं नव्हतं. आज त्या बाईच्या हातात तिनं ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. चावीवाला आणि खिडकी हे दोन शब्द आल्यावर तिला कळलं.

मी मोबाइल मागितला. बाई म्हणाली, "द्या, मी वाचून दाखवते. तुम्हाला वाचता येत नाही म्हणायचे ते."

"येतं," मी म्हटलं.

ओळीखाली बोट ठेवून मी वाचलं. पहिल्या ओळीत नंबर, मग खोलीचा पत्ता. मग लिहिलं होतं: "मी पंपहाऊसचा रिटायर माणूस. माझा मोठा भाऊ याच खात्यात चावीवाला होता. जुनी वस्ती पाडली तेव्हापासून तो कुठे राहतो ठाऊक नाही. त्याला अक्षर येत नाही म्हणून इतरांना सांगतो. ज्याला भेटेल त्यानं सांगावं, धाकट्याची मूत्रपिंडं गेलीत, जिना उतरवत नाही. एकदा येऊन जा म्हणावं. खिडकीचं मनात काही नाही."

बाई सांगत होती. तो रोज तिच्याकडे मोबाइल मागायचा आणि आपलं लिहिलेलं जागेवर आहे ना, ते पाहायचा. असायचं. खाली उत्तर नसायचं. तिनं नियंत्रण कक्षाला फोन करून भावाचा पत्ता विचारला होता, त्यांनी सांगितलं की खाजगी माहिती देता येत नाही. आपोआप जाणारा तो निरोपही तिच्या मोबाइलमध्ये निघाला, अनोळखी लोकांचे निरोप जिथे पडतात त्या कोपऱ्यात, न उघडलेला.

"शेवटी शेवटी काय म्हणायचा?" मी विचारलं.

बाईनं आधी सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणायचे, एवढं गाव वाचतंय, दादाला कुणीतरी सांगितलंच असणार. मी ओळखतो त्याला. तो यायचा नाही."

आतून नात उठल्याचा आवाज आला, तरी सून हलली नाही. ती दिलगीर आहे असं म्हणाली नाही. तो शब्द तिनं कामावर इतका वापरला होता की घरी आणण्यासारखा उरला नसावा. मीही तिला दोष दिला नाही. चूक कुठे झाली ते मी तेव्हाही शोधलं, आजही शोधतो. कपडे शिवणारी बाई जिन्यात अडवली गेली ते खरं होतं. त्यावरचा नियम खरा होता. सुनेचं न वाचणं हे तिच्यातलं चांगलंच होतं. आणि माझा भाऊ मला हाका मारत होता, आणि मी रोज सकाळी त्याच पानावर बोट फिरवत होतो.

शेवटी सूनच बोलली. "बाबा, ती कमेंट उघडी करू? माझ्या हातात आहे. सगळ्यांना दिसेल, आत्ता."

मला ते हवं होतं. खूप हवं होतं. त्यानं मला बोलावलं होतं, मनात काही ठेवलं नव्हतं, हे गावानं वाचावं असं वाटलं. ज्यांनी ते खिडकीचं भांडण पाहिलं होतं, त्यांच्यापैकी कुणीतरी वाचावं. मी परत एकदा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा नंबर कुणाचा?" मी बाईला विचारलं.

"माझा. त्यांचा फोन कुठे होता?"

मी मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि सुनेला म्हटलं, "राहू दे झाकलेली."

माझा धाकटा भाऊ फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी, दुपारी, आपल्या खोलीत वारला. जवळ शेजारीण होती.