दहा लाख एक

यादोरावांनी सत्त्याण्णवने भाग दिला. अठ्ठावीस उरले. त्यांनी कागद उलटा केला आणि पुन्हा दोनपासून सुरुवात केली.

सकाळपासून ते शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून बसले होते. "मशीन जाऊ द्यायची नाही, बाबूजी. तुमी इथून उठूच नका," असे बजावून त्यांचा मुलगा रूपेश गोंदियाला निघून गेला होता. त्याची बायको नीतू आज कायमची कोहमाऱ्याला, माहेरी चालली होती. मशीन तिची, तिच्यावर चालणारे शिवणकामही तिचेच. बाहेर तिचा भाऊ हिमांशु टेम्पोत सामान चढवत होता.

दारावर रंगाऱ्याने दोघांच्या लग्नात काढलेल्या चित्राखाली आकडा अजून दिसत होता: १०,००,००१. तो यादोरावांनीच निवडला होता. शगुनाचा एक जोडलेला, कशानेही न भागला जाणारा. खरे तर हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायला हवे होते. पण रंगारी ब्रश घेऊन खोळंबला होता, आणि सत्त्याण्णवनंतरची मूळ संख्या होती एकशे एक. आहेराचा आकडा आपणहून समोर आला, हे शुभ समजून ते त्याने भाग न देताच थांबले होते.

नीतू आत आली. मशीनकडे न बघता तिने कागदाकडे पाहिले.

"अजून तेच करून राहिले?"

"मन लागून नाही राहिलं, बेटा."

तिने कागदावर बोट ठेवले.

"एकशे एकनं करून पाहा."

त्यांनी भाग दिला. काहीच उरले नाही. पुन्हा दिला. पेन्सिलीचे टोक मोडले.

"तुले केव्हापासून ठाऊक?"

"पहिल्या दिवाळीपासून. मोबाइलवर पाहिलं होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"पाहुणा आला का तुमी त्याले दारात उभं करून आकडा दाखवत होते. चहा थंडा होऊन जाये त्याचा. कोण सांगंल तुमाले?" ती किंचित हसली. "अन् मले वाटे, एवढ्यानं काय होते."

बाहेर हॉर्न वाजला.

"नीतू, टेम्पोवाला थांबून नाही राहिला," हिमांशु ओरडला. "मशीनचं काय?"

यादोरावांनी मोडक्या टोकानेच भागाकार लिहिला, ९९०१, आणि त्याला भाग द्यायला घेतला.

"आता हे कायले?"

"थांब जरा."

सत्त्याण्णवला सात उरले. यावेळी पुढे जायची गरज नव्हती. शंभराचा वर्गच या आकड्याहून मोठा. तरी त्यांनी शेवटची वजाबाकी पुन्हा तपासली.

"हा नाही फुटत," ते म्हणाले.

"अन् एकशे एक?"

"तोही नाही."

यादोराव उठले. वाकून त्यांनी मशीनचा पट्टा चाकावरून उतरवला, गुंडाळून खणात ठेवला.

"वाटेत तुटंल," ते म्हणाले, आणि फळीचे एक टोक धरले.